नॅनोसेल्युलोज आणि नॅनोकण घालून लेप व फिल्म सुधारताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाण्यावर आधारलेली वॉर्निशं, कागदावरचे लेप आणि पॅकेजिंगच्या फिल्म यांत नॅनोसेल्युलोज घालणं हे माझं रोजचं काम. त्याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत. तेच तेच दोनदा सांगावं लागू नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नांचे क्रमांक दिले आहेत. घाईत असाल तर आधी ५, ७ आणि ८ वाचा. माझ्यापर्यंत येणाऱ्या बिघडलेल्या नमुन्यांपैकी बहुतेकांचं मूळ तिथेच सापडतं.

१. नॅनोसेल्युलोज म्हणजे नक्की काय? कागदाच्या लगद्यात असतं तेच ना?

हो, रसायन अगदी तेच. ग्लुकोजचे घटक एकापुढे एक जोडले जाऊन सेल्युलोजची लांब साखळी बनते. १८३८ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायें यांनी हा पदार्थ वनस्पतींतून वेगळा केला. फरक आहे तो फक्त सोडवणुकीचा. दोराचा पीळ उलगडला की पेड सुटतात, पेडातून सूत निघतं. तसंच लगद्यातला एक तंतू म्हणजे असंख्य बारीक तंतुकांची जुडी असते. ही जुडी काही नॅनोमीटर जाडीपर्यंत सुटी केली की ते नॅनोसेल्युलोज.

ते कसं दिसतं हे वाचून कळत नाही, म्हणून सांगतो. सुट्या तंतुकांचं १ टक्क्याचं जेल काचेच्या बाटलीत भरा. शंभर भागांत नव्व्याण्णव भाग नुसतं पाणी आहे, तरी बाटली आडवी केली तर ते जागचं हलत नाही. जोरात हलवा, ते वाहू लागतं. टेबलावर ठेवा, थोड्या वेळात पुन्हा धरतं. हा एकच गुण लेपासाठी फार मोलाचा आहे: ब्रशखाली पातळ होणारा आणि उभ्या पृष्ठभागावर न ओघळणारा थर.

ताकदीचं म्हणाल, तर सेल्युलोजच्या स्फटिकाचा लांबीच्या दिशेतला ताठरपणा साधारण ११० ते २२० गिगापास्कल मोजला गेला आहे. काचतंतूचा सुमारे ७० आहे, आणि काच सेल्युलोजपेक्षा कितीतरी जड.

२. सीएनसी, सीएनएफ, टेम्पो, बॅक्टेरियल अशी बरीच नावं दिसतात. मी कोणतं घेऊ?

सीएनसी म्हणजे सेल्युलोजचे नॅनोस्फटिक. लगद्यावर साधारण ६४ टक्के तीव्रतेचं सल्फ्युरिक आम्ल ४५ अंश सेल्सियसला चालवलं की सैल भाग विरघळून जातो आणि ताठ कांड्या उरतात. त्यांची जाडी ५ ते २० नॅनोमीटर, लांबी शंभर ते काही शे नॅनोमीटर. स्वीडनमधल्या उप्साला इथे रॉनबी यांनी १९५० च्या आसपास या मार्गाचा पाया घातला.

सीएनएफ म्हणजे लांब, लवचीक, एकमेकांत गुंतणारे तंतुक. १९८३ मध्ये अमेरिकेत टर्बॅक आणि सहकाऱ्यांनी लगदा होमोजिनायझरमधून, म्हणजे अरुंद फटीतून द्रव दाबून काढणाऱ्या यंत्रातून, प्रचंड दाबाखाली पुन्हा पुन्हा काढून ते मिळवले. या पद्धतीत वीज खूप खर्च होते. टेम्पो हे एका उत्प्रेरकाच्या लांबलचक नावाचं लघुरूप. टोकियो विद्यापीठात इसोगाई आणि साइतो यांनी त्याच्या मदतीने तंतुकांवर ऋण प्रभार आणला. त्यामुळे ते एकमेकांना ढकलतात आणि थोड्या श्रमात ३ ते ४ नॅनोमीटरपर्यंत सुटे होतात. या कामासाठी त्यांना आणि निशियामा यांना २०१५ चा मार्कस वॉलेनबर्ग पुरस्कार मिळाला. बॅक्टेरियल सेल्युलोज जिवाणू विणतात. ब्राउन यांनी १८८६ मध्येच त्याचं वर्णन केलं होतं.

माझा सल्ला: पारदर्शक वॉर्निशला कडकपणा हवा तर सीएनसी. फिल्म, कागदावरचा लेप, तेल किंवा ऑक्सिजन अडवायचा असेल तर सीएनएफ. बॅक्टेरियल प्रकार सुरेख असतो, पण लेपाच्या कामात मला त्याची गरज क्वचितच पडली आहे.

३. नॅनोसेल्युलोज इतकं चांगलं आहे, तर वर नॅनोकण कशाला?

कारण नॅनोसेल्युलोज हा सांगाडा आहे, पहारेकरी नव्हे. ते थराला घट्ट बांधतं, भेगा रोखतं, ओघळ थांबवतं. पण अतिनील किरण त्यातून आरपार जातात, बुरशीला ते उलट अन्नच वाटतं, आणि पाणी तर ते आनंदाने पितं. ही कामं कणांकडे जातात: अतिनील किरणांसाठी झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड किंवा सिरियम ऑक्साइड, ओरखड्यांसाठी सिलिका, वायू अडवायला मातीचे चपटे पापुद्रे, जंतूंसाठी चांदी.

कणांनाही सेल्युलोजचा आधार लागतो. झिंक ऑक्साइडची घनता पाण्याच्या साडेपाचपट आहे, ते डब्याच्या तळाशी बसतं. तंतुकांची जाळी त्याला अधांतरी धरून ठेवते.

म्हणून मी सगळ्यांना आधी एकच विचारतो: तुमच्या थराला त्रास नक्की कोणाचा आहे? ऊन, पाणी, हवा, घासणं की बुरशी? उत्तर ‘सगळ्यांचाच’ असेल तर सगळ्यांत आधी नुकसान कोण करतं ते शोधा. पाच प्रकारचे कण एकाच डब्यात घातलेलं वॉर्निश धड चाललेलं मी आजवर पाहिलेलं नाही.

४. किती टक्के घालायचं? जास्त घातलं तर जास्त फायदा ना?

नाही. कोरड्या रेझिनच्या, म्हणजे वॉर्निशमधल्या थर धरणाऱ्या मूळ घटकाच्या, वजनावर नॅनोसेल्युलोज सहसा अर्धा ते पाच टक्के पुरतं. त्यामागे कारण आहे. कांड्यांची संख्या एका मर्यादेपर्यंत पोचली की त्या एकमेकींना टेकतात आणि थरभर एकसंध जाळं तयार होतं. १९९५ मध्ये फ्रान्समध्ये फाविए, शांझी आणि काव्हाये यांनी समुद्री ट्युनिकेट प्राण्यापासून मिळवलेल्या लांब स्फटिकांनी हे लेटेक्समध्ये, म्हणजे पाण्यात विखुरलेल्या प्लास्टिकच्या बारीक कणांत, दाखवलं. आकारमानाच्या सुमारे १ टक्क्यालाच जाळं जुळलं.

ढोबळ हिशेब असा: ०.७ ला कांडीच्या लांबी-जाडीच्या गुणोत्तराने भागा. लाकडापासूनच्या सीएनसीचं गुणोत्तर २० धरलं तर उत्तर साडेतीन टक्के येतं. लांब तंतुकांना याहून बरंच कमी लागतं. जाळं जुळल्यावर पुढे घातलेला माल थर ठिसूळ करतो आणि मिश्रण ब्रशला न पेलणारं होतं.

५. फक्त २ टक्केच घातलं, तरी सुकल्यावर थर नेहमीपेक्षा इतका पातळ कसा?

कारण तुम्ही २ टक्के सेल्युलोजबरोबर बादलीभर पाणीही घातलंत. हिशेब करून पाहा. तुमच्या वॉर्निशमध्ये ४० टक्के घन भाग (वाळल्यावर उरणारा) आहे, म्हणजे अडीच किलो वॉर्निशमध्ये १ किलो रेझिन. त्याच्या २ टक्के म्हणजे २० ग्रॅम कोरडं सेल्युलोज. पण ते मिळतं २ टक्क्यांच्या जेलच्या रूपात, म्हणजे १ किलो जेल ओतावं लागतं आणि त्यात ९८० ग्रॅम पाणी असतं. आता साडेतीन किलो मिश्रणात घन भाग राहिला १ किलो २० ग्रॅम. ४० टक्क्यांवरून थेट २९ टक्क्यांवर!

जेलमुळे मिश्रण दाट दिसतं, त्यामुळे डोळे फसतात. तितक्याच ओल्या जाडीचा हात मारला तरी सुकल्यावर पाऊण थरही उरत नाही. मग लोक म्हणतात की नॅनोसेल्युलोजने संरक्षण कमी झालं. खरं तर थरच कमी झालेला असतो. उपाय: सुरुवातीलाच जास्त घन भागाचं रेझिन घ्या, वॉर्निशच्या कृतीतलं पाणी तेवढं कमी करा, किंवा एक हात जास्त द्या. तुलना मात्र नेहमी कोरड्या जाडीवरच करा.

६. मग कोरडी पावडर विकत घेतली तर पाण्याची कटकट संपेल?

सीएनसीच्या बाबतीत बऱ्याच अंशी हो, एका अटीवर. पावडर सोडियम रूपातली, म्हणजे आम्ल उदासीन केलेली असावी. ती पाण्यात पुन्हा सुटी होते. आम्लरूपातली पूर्ण वाळवलेली पावडर तशी सुटत नाही.

सीएनएफ वाळवलं की तंतुक एकमेकांना हायड्रोजन बंधांनी कायमचे चिकटतात. वाळून खडंग झालेला चिखल पाण्यात घातल्यावर पुन्हा चिखल होतो, पण हे तसं परतत नाही. कितीही ढवळलं तरी बारीक कण्या राहतात. म्हणून सीएनएफ ओलंच घ्या आणि ओलंच ठेवा. कसं ठेवायचं ते प्रश्न १९ मध्ये आहे.

७. झिंक ऑक्साइड टाकलं आणि सगळं मिश्रण नासल्यासारखं फाटलं. माल खराब होता का?

मालात दोष असेलच असं नाही. ही चूक माझ्याही हातून झाली आहे. स्वच्छ, किंचित निळसर झाक असलेलं सीएनसीचं सस्पेन्शन होतं आणि मी त्यात झिंक ऑक्साइडची कोरडी पावडर चमच्याने टाकली. काही मिनिटांत पांढऱ्या फुटी तरंगू लागल्या आणि खाली नितळ पाणी सुटलं. तासभर ढवळून काही उपयोग झाला नाही.

कारण विद्युत प्रभाराचं आहे. सल्फ्युरिक आम्लाने बनवलेल्या सीएनसीवर ऋण प्रभार असतो आणि त्यामुळेच कांड्या एकमेकींपासून लांब राहतात. प्रत्येक ऑक्साइडच्या पृष्ठभागाचा प्रभार एका ठरावीक पीएचला शून्य होतो: झिंक ऑक्साइड आणि ॲल्युमिना सुमारे ९, टायटॅनियम डायऑक्साइड सुमारे ६, सिलिका सुमारे २. त्याखालच्या पीएचला कण धन, वरच्याला ऋण. म्हणजे ७ पीएचला झिंक ऑक्साइड धन आणि सीएनसी ऋण. दोघं एकमेकांवर झडप घालतात. सिलिका मात्र त्याच पीएचला ऋण असते, म्हणून ती मुकाट्याने मिसळते.

टेम्पो प्रकारात आणखी एक भानगड आहे. आम्लधर्मी मिश्रणात झिंक ऑक्साइड थोडं विरघळतं, आणि सुटे झालेले झिंकचे आयन तंतुकांवरच्या ऋण प्रभार देणाऱ्या कार्बॉक्सिल गटांना आपापसांत जोडून टाकतात. मिश्रणाची खळ होते. कॅल्शियममुळेही हेच घडतं, म्हणून नळाचं जड पाणी वापरू नका.

वाट अशी: सिलिकाचं आवरण असलेलं किंवा ऋण प्रभाराच्या डिस्पर्संटने (कण सुटे ठेवणाऱ्या रसायनाने) आधीच पाण्यात सुटं केलेलं झिंक ऑक्साइड घ्या. कोरडी पावडर थेट कधीच टाकू नका.

अपवादही सांगायला हवा. हेच आकर्षण कधी कधी मुद्दाम वापरतात. वस्तू आळीपाळीने धन आणि ऋण द्रावांत बुडवून, मधे धुऊन, थरावर थर चढवता येतो. तिथे दोन्ही द्राव वेगळ्या भांड्यांत असतात, म्हणून फुटी पडत नाहीत.

८. मिसळण्याचा क्रम काय ठेवू? घरगुती मिक्सर चालेल का?

आधी नॅनोसेल्युलोज शुद्ध पाण्यात पातळ करून सुटं करा. मग त्याचा पीएच रेझिनच्या पीएचपर्यंत आणा. पाण्यावरची बहुतेक ॲक्रिलिक रेझिनं ८ ते ९ च्या आसपास असतात. मग आधीच विखुरलेले कण हळूहळू सोडा. सगळ्यात शेवटी हे मिश्रण ढवळत्या रेझिनमध्ये बारीक धारेने ओता. उलटा क्रम, म्हणजे दाट जेलचा गोळा रेझिनमध्ये टाकणं, याने जेलचे डोळे राहतात आणि ते वाळल्यावरच दिसतात.

मिक्सरचं पातं सीएनएफ मोकळं करायला चालतं, पण हवा फार मारतं. मिश्रण रात्रभर झाकून ठेवा म्हणजे बुडबुडे निघून जातील. अल्ट्रासोनिक प्रोब जास्त प्रभावी असतो, मात्र भांडं बर्फात ठेवा, थांबून थांबून चालवा. तापलं की सीएनसीवरचे ऋण प्रभार देणारे सल्फेट गट गळतात, आणि प्रोबच्या टोकाची टायटॅनियमची भुकटी मिश्रणात उतरते. ती नंतर गाळून किंवा सेंट्रिफ्यूजने काढावी लागते. रेझिन घातल्यावर प्रोब लावू नका. पाण्यात विखुरलेलं रेझिन (इमल्शन) फुटू शकतं.

९. गुठळ्या उरल्या आहेत की नाही, महागड्या सूक्ष्मदर्शकाशिवाय कसं ओळखू?

रंगाच्या कामात वापरतात तो खाचेचा गेज इथे अपुरा पडतो, कारण तो मायक्रॉनमध्ये मोजतो. पण त्यावर रेघोट्या दिसल्या तर मिश्रण नक्कीच वाईट आहे एवढं कळतं.

मी काचेच्या पट्टीवर पातळ थर ओढतो, वाळू देतो आणि अंधाऱ्या खोलीत बाजूने टॉर्च मारतो. चांगल्या थरात मंद, सलग उजेड दिसतो. गुठळ्या असतील तर त्या ताऱ्यांसारख्या चमकतात. सीएनसीसाठी आणखी सोपी खूण आहे. दोन पोलरायझर (प्रकाशाची एकाच दिशेतली कंपनं जाऊ देणाऱ्या पट्ट्या) एकमेकांना आडवे धरा आणि मधे बाटली ठेवून हलवा. कांड्या नीट सुट्या असतील तर रंगीत लाटा सरकताना दिसतात. पहिल्यांदा पाहिलं की माणूस बराच वेळ ती बाटलीच हलवत बसतो.

१०. वॉर्निश पारदर्शक हवं होतं, थर धुरकट का झाला?

दोन गोष्टी तपासा: कणाचा आकार आणि त्याचा अपवर्तनांक, म्हणजे तो प्रकाश किती वळवतो याचा आकडा. प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बऱ्याच लहान कणाचं प्रकाश विखुरणं त्याच्या व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतं. व्यास दुप्पट झाला की एक कण ६४ पट प्रकाश विखुरतो. तेवढ्याच वजनाच्या मालात कणांची संख्या आठव्या हिश्श्यावर येते, तरी एकूण धुरकटपणा आठपट होतो. म्हणजे २० नॅनोमीटरचे कण विकत घेऊन त्यांच्या २०० नॅनोमीटरच्या गुठळ्या होऊ दिल्या, तर पैसे नॅनोचे जातात आणि थर चुन्यासारखा मिळतो.

अपवर्तनांकाचं म्हणाल तर ॲक्रिलिक सुमारे १.४९, सिलिका १.४६, सेल्युलोज दीडच्या थोडं वर, झिंक ऑक्साइड २.०, रुटाइल या स्फटिकरूपातलं टायटॅनियम डायऑक्साइड २.७. रेझिनशी जितकं अंतर कमी तितका कण अदृश्य. म्हणून सिलिका सहज लपते आणि रुटाइल लपवायला जिवापाड मेहनत लागते. पांढऱ्या रंगात तेच रुटाइल २०० ते ३०० नॅनोमीटरचं घालतात, कारण तिथे झाकायचंच असतं.

नुसत्या सीएनसीची फिल्म सावकाश वाळवली आणि तिच्यात इंद्रधनुषी रंग उमटले, तर तो दोष नाही. कांड्या गोलगोल जिन्यासारख्या रचल्या जातात आणि त्या रचनेमुळे विशिष्ट रंग परावर्तित होतो.

११. टायटॅनियम डायऑक्साइड थर वाचवतं की खातं? दोन्ही वाचलंय.

दोन्ही खरं आहे. ते अतिनील किरण शोषतं म्हणून वाचवतं. पण शोषलेली ऊर्जा कुठे तरी जाते. पाणी आणि ऑक्सिजन यांच्या संगतीत पृष्ठभागावर अतिशय क्रियाशील मूलकं तयार होतात आणि ती आजूबाजूचं रेझिन कुरतडतात. फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाण्याचं विघटन दाखवलं. ही तीच शक्ती. उन्हातल्या जुन्या रंगावर हात फिरवल्यावर खडूसारखी पूड लागते ती बऱ्याचदा हिचीच करणी. सेल्युलोजही या मूलकांच्या तडाख्यातून सुटत नाही.

अनाटेज हे त्याचं दुसरं स्फटिकरूप या बाबतीत फार तिखट. ते स्वतः साफ होणाऱ्या काचेवर ठीक, वॉर्निशमध्ये नको. संरक्षक थरासाठी रुटाइलच घ्या आणि तेही सिलिका किंवा ॲल्युमिनाचं आवरण असलेलं. झिंक ऑक्साइडलाही हीच खोड आहे. स्वच्छ वॉर्निशसाठी सिरियम ऑक्साइड मला जास्त भरवशाचं वाटतं, फक्त त्याची किंचित पिवळी झाक चालणार आहे का ते पाहा.

१२. नॅनोसेल्युलोजची फिल्म ऑक्सिजन उत्तम अडवते म्हणतात. माझ्या पाकिटात तर काहीच अडलं नाही!

हवा किती दमट होती? कोरड्या फिल्ममध्ये तंतुक एकमेकांना इतके घट्ट बिलगतात की ऑक्सिजनला वाट मिळत नाही. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर जाऊ लागली की पाण्याचे रेणू त्या बंधांमध्ये शिरतात, फिल्म फुगते आणि वाटा मोकळ्या होतात. पाण्याच्या वाफेला तर ही फिल्म कोरडी असतानाही नीट अडवत नाही. ऑक्सिजन अडवणं आणि वाफ अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. चौकशी करताना दोन्ही आकडे मागा, आणि ते किती आर्द्रतेला मोजलेत हेही विचारा.

पॅकेजिंगमध्ये ऑक्सिजन अडवायला वापरतात त्या ईव्हीओएच प्लास्टिकलाही हीच दुखरी जागा आहे. तिथे ते पॉलिथिनच्या दोन थरांत दडवतात. नॅनोसेल्युलोजलाही तेच करावं लागतं: मधे सेल्युलोज, बाहेर पाण्याला न जुमानणारा थर. तेलाच्या बाबतीत मात्र ते एकटंही छान काम करतं. तेलकट पदार्थांच्या कागदात फ्लोरिनयुक्त रसायनांचा वापर बंद होत चालला असताना हा पर्याय मला फार महत्त्वाचा वाटतो.

१३. सिलिकाचे गोल कण भरपूर घातले तर वायू अडतील ना?

जवळजवळ नाही. वायूला आडवाटेने जायला लावायचं तर अडथळा रुंद हवा. १९६७ मध्ये नील्सन यांनी मांडलेलं साधं सूत्र वापरून पाहा. रुंदी जाडीच्या शंभरपट असलेले मातीचे पापुद्रे आकारमानाने ५ टक्के घातले आणि ते सपाट रचले गेले, तर पारगम्यता, म्हणजे वायू आरपार जाण्याचं प्रमाण, सुमारे एक चतुर्थांशावर येते. तेवढेच गोल कण घातले तर ती ९३ टक्के शिल्लक राहते. म्हणून या कामाला मॉन्टमोरिलोनाइट माती घ्या. तिचा एक पापुद्रा जेमतेम १ नॅनोमीटर जाड असतो. मिश्रण हळू वाळू द्या म्हणजे पापुद्रे आडवे बसतात.

१४. थर पाण्याला दाद देऊ नये यासाठी काय करता येईल?

सेल्युलोजच्या पृष्ठभागावरचे पाणी ओढणारे हायड्रॉक्सिल गट झाकायचे. कागद उद्योगात वापरतात ते अल्किल कीटीन डायमर, सिलेन, ॲसिटिलेशन, मेदाम्लं हे ओळखीचे मार्ग. पण पूर्ण झाकलं तर तंतुकांची आपसातली पकडही जाते आणि पाण्यात विखुरणंही अवघड होतं. माझा अनुभव असा की सेल्युलोज थोडंसंच बदलावं आणि वरून मेणाचा किंवा जलविरोधी रेझिनचा पातळ हात द्यावा.

१५. कमळाच्या पानासारखा थर नॅनोकणांनी जमतो का?

जमतो. बार्टहलोट आणि नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये कमळाच्या पानाचं गमक मांडलं: सूक्ष्म उंचवटे आणि त्यांवर मेण. जलविरोधी केलेले सिलिकाचे कण नॅनोसेल्युलोजच्या खडबडीत जाळीवर बसवले की थेंबाचा स्पर्शकोन (पृष्ठभागाशी होणारा कोन) १५० अंशांच्या पुढे जातो आणि थेंब घरंगळतो. फोटो छान येतात. मग कोणी तरी हात फिरवतं आणि उंचवटे मोडतात. पान नवं मेण स्रवत राहतं, आपला थर नाही. ज्याला कोणी घासणार नाही अशा जागीच हा मार्ग धरा.

१६. बाहेरच्या लाकडासाठी काय सुचवाल?

लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना बांधून ठेवणारा घटक, अतिनील किरणांनी आधी तुटतं, मग थराखालची पकड सुटून वॉर्निश पापडासारखं निघतं. त्यामुळे किरण अडवणारा कण हवाच (प्रश्न ११) आणि थर लवचीक हवा, कारण लाकूड फुगतं-आकसतं. सीएनसी कमीच ठेवा. लाकडाचा तपकिरी रंग आणखी गडद झालेला चालत असेल तर लिग्निनचेच नॅनोकण घालून पाहा. ते स्वतः अतिनील किरण शोषतात.

१७. लोखंडावरच्या गंजरोधक थरात घालू का?

फार जपून. इथे पाणी ओढणारा घटक म्हणजे घरभेदी. तंतुक एपॉक्सीत नीट सुटे झाले नाहीत तर त्यांच्या जुड्या वातीसारख्या पाणी आणि क्षार धातूपर्यंत नेतात. पृष्ठभाग जलविरोधी केलेलं थोडंसं सीएनसी आणि सिलिका यांनी ओरखडे, भेगा कमी होतात हे खरं. पण खाली गंजरोधक प्रायमर असू द्या आणि आयएसओ ९२२७ ची क्षारफवारा चाचणी केल्याशिवाय कुणाला शब्द देऊ नका.

१८. जुनी कागदपत्रं, चित्रांचे कॅनव्हास यांवर वापरता येतं का?

येतं, आणि हा माझ्या सगळ्यात जवळचा विषय आहे. कागद म्हणजे सेल्युलोजच, त्यामुळे नॅनोसेल्युलोजचा पातळ थर त्याला परका वाटत नाही. जुना कागद आतल्या आम्लामुळे ठिसूळ होतो. त्यासाठी अल्कोहोलमध्ये विखुरलेले कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे नॅनोकण वापरतात. ही पद्धत फ्लॉरेन्स विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी आधी भित्तिचित्रांसाठी वाढवली. कण आम्ल उदासीन करतात, आणि उरलेले हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन कॅल्शियम कार्बोनेट बनतात, म्हणजे पुढच्या आम्लासाठी शिबंदी तयार राहते.

पण घाई नको. पाण्यातलं जेल लावल्यावर शाई पसरू शकते, कागद सुरकुततो, आणि प्रश्न ७ मधला कॅल्शियमचा इशारा इथेही लागू आहे: टेम्पो प्रकार आणि हे कण एकत्र कालवू नका, एक वाळल्यावर दुसरं द्या. एकमेव प्रत असेल तर प्रशिक्षित संवर्धकाशिवाय हातही लावू नका.

१९. जेल किती दिवस टिकतं? फ्रीजरमध्ये ठेवलं तर?

फ्रीजरमध्ये अजिबात नको. बर्फाचे स्फटिक तंतुकांना ढकलून एकत्र दाबतात आणि वितळल्यावर कापसासारखे पुंजके मिळतात. वाळवण्यासारखंच हे नुकसान (प्रश्न ६). साधारण ४ अंशांना, घट्ट झाकून ठेवा. जास्त दिवस ठेवायचं तर थोडं परिरक्षक घाला, कारण बुरशी धरते. झाकण उघडल्यावर आंबूस वास आला किंवा जेल पातळ झालं असेल तर टाकून द्या.

उष्णतेचंही भान ठेवा. आम्लरूपातलं सीएनसी १५० अंशांच्या आसपासही पिवळं-तपकिरी पडू शकतं. सोडियम रूप जास्त सोसतं. भट्टीत भाजायच्या लेपात घालण्याआधी चिमूटभर घेऊन तपासा.

२०. चांदीचे कण घातले की थर कायमचा जंतुमुक्त होतो का?

कायमचा नाही. चांदीचे आयन हळूहळू बाहेर पडतात आणि तेच जंतूंना मारतात. साठा संपला की काम संपलं. आणि जे बाहेर पडतं ते धुण्याच्या पाण्यातून पुढे जातं. शिवाय हे कण ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतात, त्यामुळे थराला पिवळी छटा येते. खरोखर गरज असेल तिथेच वापरा. नुसतं पाकिटावर छापण्यासाठी नको.

२१. हे सगळं आरोग्याला सुरक्षित आहे का?

ओल्या जेलमध्ये आणि वाळलेल्या थरात कण बांधलेले असतात. धोका आहे तो मोकळ्या धुळीचा: पावडर ओतताना, फवारताना, जुना थर पॉलिश पेपरने घासताना. या तिन्ही वेळी योग्य प्रतीचा मास्क आणि हवा ओढणारी व्यवस्था हवीच. यात तडजोड करू नका. २० नॅनोमीटरच्या एक ग्रॅम झिंक ऑक्साइडचा पृष्ठभाग पन्नास चौरस मीटरच्या पुढे भरतो. एवढा पृष्ठभाग फुप्फुसात गेलेला कोणालाच परवडणार नाही.

युरोपीय संघाने २०२२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइड खाद्यपदार्थांतून बंद केलं. तो निर्णय खाण्याबद्दलचा आहे, भिंतीवरच्या रंगाबद्दलचा नाही. पण अन्नाला टेकणारी फिल्म बनवत असाल तर कण बाहेर झिरपतात का याची चाचणी करा आणि जिथे विकणार तिथला नियम पाहा.

२२. सेल्युलोज आहे म्हणजे फिल्म मातीत कुजणारच ना?

सेल्युलोज कुजेल. बाकीच्या ९५ टक्क्यांचं काय ते रेझिन ठरवतं. ॲक्रिलिकमध्ये ३ टक्के नॅनोसेल्युलोज घालून तिला जैवविघटनशील म्हणणं ही दिशाभूल आहे.

२३. फायदा खरंच नॅनोसेल्युलोजमुळे झाला हे कसं सिद्ध करू?

चार नमुने करा: नुसतं रेझिन, रेझिन आणि सेल्युलोज, रेझिन आणि कण, आणि तिन्ही एकत्र. कोरडी जाडी चारही ठिकाणी सारखी (प्रश्न ५). मग चाचण्या: पकडीसाठी आयएसओ २४०९ ची चौकटी काप, पेन्सिलने कडकपणा, पाण्याचा स्पर्शकोन, आणि बाहेर वापरायचं असेल तर अतिनील दिव्याखाली वेगवान झीज. बहुतेक लोक पहिला आणि चौथाच नमुना करतात आणि श्रेय कोणाचं ते कायमचं गुलदस्त्यात राहतं.

२४. माझ्या रेझिनमध्ये पाणीच नाही, सॉल्व्हंट किंवा यूव्ही-क्युअर (अतिनील दिव्याखाली घट्ट होणारं) आहे. तरी जमेल?

जमेल, पण वरचं बरंच काही उलटं होतं. साधं नॅनोसेल्युलोज झायलीनसारख्या सॉल्व्हंटमध्ये लगेच गोळा होतं. आधी त्याचा पृष्ठभाग बदलावा लागतो (प्रश्न १४), मग पाण्यातून एथनॉलमध्ये, तिथून ॲसिटोनमध्ये असं पायरीपायरीने माध्यम बदलत न्यावं लागतं, मधे एकदाही वाळू न देता. प्रश्न ७ मधला प्रभाराचा आधार तिथे फारसा उरत नाही. कणांना दूर ठेवायला त्यांच्यावर लांब साखळ्यांचं आवरण लागतं.

यूव्ही-क्युअरमध्ये तर झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड दिव्याचा प्रकाश स्वतःच गिळतं आणि थराचा तळ कच्चा राहतो. वरून कडक, नखाने दाबलं की आत मऊ, असा थर मिळाला तर हेच कारण समजा. लांब तरंगलांबीवर, ४०० नॅनोमीटरच्या जवळ, काम करणारा फोटोइनिशिएटर (प्रकाश पडताच रेझिन घट्ट करायला लावणारं रसायन) आणि तसाच दिवा घ्या, किंवा कण फक्त शेवटच्या पातळ हातात घाला.